शिंपला एक, जाती तीन

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लॉख एटिव्ह या खाडीत दोर सोडून शिंपल्यांची शेती करतात. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या दोरांवर भलतेच शिंपले दिसू लागले. हाताळताना कवच फुटायचं, आत मांसही बेताचंच. ते मायटिलस ट्रॉस्युलस जातीचे निघाले. बाजारात चालणारा शिंपला म्हणजे मायटिलस एड्युलिस. तिसरी जात गॅलोप्रोव्हिन्शियालिस, मूळची भूमध्य समुद्रातली. आपल्याकडच्या शिणाण्यांच्याच कुळातली ही मंडळी, आणि जिथे भेटतात तिथे बिनदिक्कत संकर करतात.

नुसत्या डोळ्यांनी त्यांची पारख होत नाही, कारण कवचाची ठेवण लाटा, खाद्य आणि दाटीवाटीप्रमाणे बदलते. दक्षिण कॅलिफोर्नियातले शिंपले वर्षानुवर्षं एड्युलिस म्हणून खपले. ते गॅलोप्रोव्हिन्शियालिस असल्याचं १९८८ साली प्रथिनांच्या तपासणीतून पुढे आलं.

मग डीएनए तपासावा? प्राण्यांच्या ‘बारकोडिंग’साठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी, सहसा तंतुकणिकेतल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या, सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. तंतुकणिका फक्त आईकडून येते, असं त्यात धरलेलं असतं. या शिंपल्यांनी नेमका तोच नियम धाब्यावर बसवलाय. मादीला आईचीच तंतुकणिका मिळते, नराला मात्र बापाचीही मिळते आणि ती मुख्यतः वृषणात साठते. या दोन वंशांच्या डीएनएत २० टक्क्यांहून अधिक फरक असू शकतो. त्यामुळे एकाच नराचा नमुना कल्ल्यातून घेतला तर एक उत्तर, जननग्रंथीतून घेतला तर दुसरं! बाल्टिक समुद्रात तर आणखी पंचाईत. तिथल्या ट्रॉस्युलसमध्ये जुन्या संकरातून एड्युलिसची तंतुकणिका इतकी शिरली आहे की मूळची जवळपास नाहीशी झाली. बारकोड त्याला बेधडक एड्युलिस ठरवतो.

पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएमधली एक खूण बरीच वापरली जाते. खडकाला धरून राहण्यासाठी शिंपला जे धागे सोडतो, त्यांतल्या चिकट प्रथिनाच्या जनुकाचा हा तुकडा. एड्युलिसमध्ये तो १८० अक्षरांचा, ट्रॉस्युलसमध्ये १६८, गॅलोप्रोव्हिन्शियालिसमध्ये १२६. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टी कुठे थांबली ते पाहायचं. पहिल्या पिढीच्या संकरात दोन पट्ट्या उमटतात. स्वस्त, झटपट, आणि मला विचाराल तर फार देखणी चाचणी.

पण तो संकर पुन्हा शुद्ध एड्युलिसशी जुळला, की निम्म्या पिल्लांत १८० ची एकच पट्टी दिसते. ती ‘शुद्ध’ ठरतात, प्रत्यक्षात सरासरी पाव डीएनए ट्रॉस्युलसचा असूनही. एकमेकांपासून स्वतंत्र अशा चार खुणा घेतल्या, तर सोळांतलं एकच पिल्लू नजरेतून निसटतं. म्हणून हल्ली एका अक्षराच्या फरकाच्या डझनावारी खुणा एकदम तपासतात आणि जातीच्या नावाऐवजी टक्केवारी देतात. संशोधकाला ती पुरते. शेतकऱ्याला या खाडीतलं बी, म्हणजे कोवळे शिंपले, दुसऱ्या खाडीत न्यावं की नाही, एवढंच हवं असतं, आणि तो आकडा कितीपर्यंत चालेल हे खुणा सांगत नाहीत; त्यासाठी कवच दाबूनच पाहावं लागतं.