नक्षत्रचकती : जुळवायची कशी आणि गफलत कुठे होते

आमच्याकडून नक्षत्रचकती घेतलेल्या ग्राहकांसाठी

नक्षत्रचकती म्हणजे तारीख आणि वेळ जुळवून आकाश दाखवणारा फिरता तारानकाशा. ती घेतल्यावर पहिल्याच रात्री गच्चीवर जाऊन "आकाश जुळत नाही" असं वाटलं, तर चकती सदोष समजू नका. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: वेळ, दिशा किंवा आकार. ते सांगण्याआधी चकतीचा कुठला भाग आकाशातली कुठली गोष्ट दाखवतो ते पाहू. ते कळलं की निम्मं खगोलशास्त्र हातात आल्यासारखंच आहे.

चकतीचे भाग

खालच्या चकतीवर तारे आहेत आणि तिच्या कडेला वर्षाच्या तारखा. वरच्या चकतीला खिडकी कापलेली आहे आणि कडेला रात्रीचे तास. खिडकीची कड म्हणजे तुमचं क्षितिज. खिडकीचा मध्य म्हणजे बरोबर डोक्यावरचा बिंदू, खस्वस्तिक. दोन्ही चकत्यांना जोडणारं रिव्हेट म्हणजे आकाशाचा उत्तर ध्रुव. ध्रुवतारा त्या बिंदूपासून पाऊण अंशाच्या आतच आहे, त्यामुळे व्यवहारात रिव्हेट म्हणजेच ध्रुवतारा.

रिव्हेट खिडकीच्या मध्यावर का नाही, असं अनेकजण विचारतात. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची ही पाहणाऱ्याच्या अक्षांशाइतकी असते. ही चकती १९ अंश उत्तर अक्षांशासाठी आखलेली आहे, म्हणून रिव्हेट उत्तर क्षितिजापासून १९ अंशांवर, म्हणजे कडेच्या बरंच जवळ येतं. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नांदेड इथे चकती आहे तशी चालते. नागपूरला (२१ अंश) ध्रुव थोडा वर आणि पणजीला (१५.५ अंश) थोडा खाली दिसेल, एवढाच फरक. लंडनला (५१.५ अंश) किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या मुलाला, भाचीला ही चकती भेट म्हणून पाठवू नका. तिथे ध्रुव आपल्यापेक्षा दुपटीहून उंच असतो आणि खिडकीचा आकारच वेगळा लागतो.

चकतीला मागची बाजूही आहे, ती दक्षिणेकडच्या आकाशाची. नकाशाचं केंद्र उत्तर ध्रुव धरलं की दक्षिणेकडचे तारे कडेला जातात आणि तिथे रबर ताणल्यासारखे आडवे पसरतात. एकाच बाजूच्या चकतीवर वृश्चिकाचा डौलदार आकडा ओळखू येणार नाही इतका फाकतो. म्हणून उत्तरेला तोंड करून पाहताना पुढची बाजू वापरा आणि दक्षिणेला पाहताना मागची.

वेळ

आजची तारीख वेळेसमोर आणायची, इतकं सोपं आहे. पण चकतीवरची वेळ स्थानिक असते आणि आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं. ती वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे. दर एक अंश पश्चिमेला आकाश ४ मिनिटं मागे असतं. म्हणून घड्याळातल्या वेळेतून मुंबईत ३८, पुणे, नाशिक आणि पणजीत ३५, कोल्हापुरात ३३, छत्रपती संभाजीनगरला २९, नांदेडला २१ आणि नागपुरात १४ मिनिटं वजा करा. मगच चकती फिरवा.

समजा १५ जानेवारी आहे आणि तुम्ही पुण्यात आहात. वजाबाकी न करता चकती रात्री १० वर लावली, तर मृग नक्षत्र बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर दिसेल. आकाशात मात्र ते अजून पूर्वेकडे, जवळपास ९ अंश मागे असेल. तिथे ते घड्याळात साडेदहा वाजून गेल्यावर पोहोचतं. आकाश तासाला १५ अंश सरकतं, त्यामुळे अर्ध्या तासाची चूक डोळ्यांना लगेच खटकते. तारखेची चूक त्यामानाने किरकोळ. तारे रोज साधारण ४ मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. १५ डिसेंबरच्या मध्यरात्रीचं, १५ जानेवारीच्या रात्री १० चं आणि १५ फेब्रुवारीच्या रात्री ८ चं आकाश एकच असतं. चकतीवर तारीख एक-दोन घरं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. पण पहाटे ४ ऐवजी दुपारच्या बाजूचा ४ लावला, तर सगळंच ओम् फस्.

जाता जाता एक गंमत. जूनच्या ७-८ तारखेला "मृग लागला" म्हणतात, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो. म्हणजे पेरणीच्या मृगात आकाशातला मृग दिसत नाही. तो पाहायचा हिवाळ्यात.

दिशा

"सूर्य मावळला ती पश्चिम" हे वर्षातून दोनदाच खरं असतं, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना. डिसेंबरअखेर महाराष्ट्रात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंशांवर मावळतो. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, पण गच्चीवरचं लोखंडी रेलिंग आणि सळया त्याला फसवतात. त्यांपासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा.

खात्रीची खूण ध्रुवच. सप्तर्षीच्या चौकोनातले कडेचे दोन तारे पुलह आणि क्रतु. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून ती त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे न्यायची, तिथे ध्रुव. तो ठळक असेल अशी अपेक्षा ठेवू नका. तेजाच्या क्रमवारीत तो दुसऱ्या प्रतीचा आहे, सर्वांत तेजस्वी तारा असलेल्या व्याधाच्या तुलनेत पार फिका. शिवाय आपल्याकडे तो इतका खाली असतो की धूळ, धुकं आणि समोरची इमारत यांत सहज हरवतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळनंतर सप्तर्षी छान वर असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात, तेव्हा इंग्रजी एम अक्षरासारख्या शर्मिष्ठा तारकासमूहावरून अंदाज घ्या.

आणि हो, चकतीवर पूर्व-पश्चिम उलट छापलेले नाहीत. नकाशा जमिनीचा नाही, आकाशाचा आहे. ज्या दिशेला तोंड आहे ती कड खाली येईल अशी चकती डोळ्यांसमोर उभी धरा, की सगळं बरोबर बसतं.

आकार

चकतीवर मृग नखाएवढा आहे, म्हणून लोक आकाशातही छोटं काहीतरी शोधत राहतात. हात सरळ ताणून मूठ वळली की तिची रुंदी सुमारे १० अंश भरते, मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. पूर्ण चंद्र फक्त अर्धा अंश, म्हणजे करंगळीआड सहज झाकला जातो. मृगातल्या काक्षी या ठळक ताऱ्यापासून राजन्य या ठळक ताऱ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ दोन मुठी आहे, आणि ध्रुवाची आपल्याकडची उंचीही तेवढीच. आपली मूठ एकदा क्रतु-पुलहावर तपासून घ्या, त्यांच्यात साधारण साडेपाच अंश आहेत.

मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला व्याधाकडे जाते आणि दुसऱ्या बाजूला नारिंगी रोहिणीकडे, तिच्याही पुढे कृत्तिकांच्या पुंजक्याकडे. व्याधाच्या खाली दक्षिणेला, पुण्याहून जास्तीत जास्त १९ अंश उंचीवर, अगस्त्य दिसतो. ताऱ्यांमध्ये तेजात व्याधानंतर त्याचाच नंबर. दिल्लीहून तो जेमतेम ९ अंश वर येतो. तेव्हा दक्षिणेत राहण्याचा हा फायदा सोडू नका.

चकतीवर नसलेला ठळक तारा

तो बहुधा ग्रह. ग्रह जागा बदलतात, म्हणून ते छापता येत नाहीत. पण ते चकतीवरच्या तुटक रेषेच्या, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या (ताऱ्यांमधून जाणाऱ्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या), आसपासच असतात. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे मध्यरात्री डोक्यावर चमकणारा तारा शुक्र असूच शकत नाही. तो गुरू किंवा व्याध असेल. चंद्रही छापलेला नाही. तो रोज सुमारे १३ अंश पूर्वेला सरकतो, म्हणजे जवळपास एक नक्षत्र. पंचांगात आजचं चंद्रनक्षत्र बघा आणि चकतीवर ते शोधा, चंद्र तिथेच जवळपास असेल. चैत्री पौर्णिमेला चित्रेजवळ, कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिकांजवळ. महिन्यांची नावं त्यावरूनच पडली.

प्रकाश

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगझगाटात ती मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने बांधा. लाल उजेडात लाल शाई दिसेनाशी होते, म्हणून चकतीवर आम्ही लाल रंग वापरलेलाच नाही. तुम्हीही खुणा करायच्या तर निळ्या किंवा काळ्या पेनाने करा.

आकाश किती स्वच्छ आहे ते सप्तर्षीच सांगतात. सातांमधला सर्वांत मंद अत्रि दिसत नसेल, तर चकतीवरचे बारीक ठिपके त्या रात्री विसरा, फक्त मोठे जुळवा. वसिष्ठाशेजारची अरुंधती स्पष्ट दिसली तर जागा चांगली आहे. पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच दिवस तारे पाहण्यात अर्थ नाही. गडद आकाश हवंच असेल, तर भंडारदरा परिसर किंवा पेंच व्याघ्र प्रकल्प. पेंचला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

दुर्बीण घ्यावी का, हा पुढचा प्रश्न. आमचा सल्ला: चकतीशिवाय दहा तारे ओळखता येईपर्यंत थांबा, आणि मग १० x ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. यातला १० म्हणजे किती पट मोठं दिसणार, ५० म्हणजे भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कोपर कठड्यावर टेकवलं नाही तर थरथरीमुळे गुरूचे चार चंद्र दिसायचे नाहीत. सूर्याकडे ती चुकूनही वळवू नका, दृष्टी कायमची जाऊ शकते.

चकती गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. प्लास्टिक वाकतं, वरची चकती खालच्यावर घासते आणि तारखांचे आकडे पुसट होतात. रिव्हेट घट्ट वाटलं तर तेल घालू नका, त्याच्याभोवती धूळ चिकटते. कोरड्या फडक्याने पुसून दहा-बारा वेळा सावकाश फिरवा, सैल होईल.