हळद-मसाला उद्योगासाठी 35 टक्के अनुदान: सांगलीतल्या महिलांनी अर्ज कसा करावा

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण खरी कमाई हळकुंडं दळून, पाकिटात भरून विकण्यात आहे, आणि ती गावातल्या बाईच्या हातात यायला हवी. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत (पीएमएफएमई) त्यासाठी बँक कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे. हळद-मिरची पूड, पापड, बेदाणा, गूळ हे सगळं यात बसतं. उद्योग नवा असो किंवा आधीचा वाढवायचा असो, दोन्ही चालतं.

अर्जदाराचं वय 18च्या वर हवं. नवरा, बायको आणि मुलं मिळून एकालाच लाभ मिळतो, म्हणून नाव आधी ठरवा. काम बाई करणार असेल तर अर्ज, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आणि बँक खातं तिच्याच नावावर असावं. नाहीतर हप्ते फेडल्याची पत नवऱ्याच्या नावावर जमा होते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तिची पाटी कोरीच राहते.

हिशोब असा. प्रकल्प 6 लाखांचा धरला तर स्वतःचे किमान 10 टक्के, म्हणजे 60,000 रुपये. उरलेले 5,40,000 बँकेचं कर्ज. अनुदान 2,10,000, पण ते हातात येत नाही. कर्जखात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात ते ठेवतात आणि तीन वर्षं हप्ते नियमित गेले तरच कर्जात वळतं करतात. जागेची किंमत अनुदानाच्या हिशोबात धरत नाहीत. कच्च्या मालाचे पैसेही नाहीत, आणि हळद तर हंगामात एकदम घ्यावी लागते. त्या खेळत्या भांडवलाची सोय आधीच करून ठेवा.

कागदपत्रं: आधार, पॅन, फोटो, बँक पासबुक व खातेउतारा, यंत्रांची जीएसटीसह दरपत्रकं, जागेचा पुरावा (ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा भाडेकरार), वीजबिल, प्रकल्प अहवाल. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. अन्न परवाना विक्रीआधी हवाच.

अर्ज पीएमएफएमईच्या पोर्टलवर भरायचा. तो भरायला आणि अहवाल तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. नाव-नंबर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळतो. योजनेची जाहीर मुदत 2025-26पर्यंतची आहे, तेव्हा नवे अर्ज घेतायत का ते तिथेच आधी विचारा. जिल्हास्तरीय समितीच्या मंजुरीनंतर प्रस्ताव बँकेत जातो.

प्रकरणं बहुतेक बँकेतच अडकतात. पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे फार वेळा दिसतं. विवाह नोंदणी दाखला काढून दोन्ही आधीच एकसारखी करून घ्या. दुसरं, मायक्रोफायनान्सच्या गटातली कर्जं. शेजारणीसाठी स्वतःच्या नावावर उचललेलं कर्ज थकलं, तरी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकीदार तुम्हीच दिसता. अर्जाआधी सिबिल अहवाल काढून बघा, आणि फेडलेल्या कर्जाचा ना-देय दाखला जवळ ठेवा. तिसरी अडचण विजेची. 5 एचपीच्या पल्व्हरायझरला (पूड करायच्या यंत्राला) साधारणपणे थ्री फेज लागतं, घरगुती जोडणी पुरत नाही. म्हणून यंत्राचं दरपत्रक पक्कं करण्याआधीच महावितरणकडे जोडणी आणि खर्चाची चौकशी करा.

एकटीनं कर्ज काढायची तयारी नसेल तर बचत गटाचा मार्ग आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येमागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल, ग्रामीण भागात 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत मिळतं. सदस्येला ही रक्कम कर्ज म्हणूनच मिळते, त्यामुळे परतफेडीचे हप्ते गटाच्या ठरावात लिहून घ्या.