तरुण स्ट्रायकरला लोनवर पाठवायचे कुठे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बडोदे हे क्रिकेटचे गाव. तरीही दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांत आता शनिवारची रात्र इंग्लिश फुटबॉलची झाली आहे, आणि जानेवारीत ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडूंची देवघेव करता येण्याची मुदत, उघडली की तिथे एक वाद हमखास रंगतो. आपल्या क्लबच्या अकादमीत एकोणीस वर्षांचा स्ट्रायकर आहे, अंडर-२१ संघासाठी गोलांचा सपाटा लावतो आहे, पण पहिल्या संघात त्याला जागा नाही. त्याला लोनवर पाठवावे, म्हणजे करार आपल्याकडेच ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळू द्यावे, इथपर्यंत सगळे एका मताचे असतात. पाठवायचे कुठे, यावर मात्र घरातच दोन तट पडतात. मोठ्या लीगमध्ये पाठवा, तिथली हवा लागू दे, असे एकांचे म्हणणे. खालच्या डिव्हिजनमध्ये पाठवा, दर आठवड्याला नव्वद मिनिटे खेळू दे, असे दुसऱ्यांचे.

शहरातल्या काही पालकांसाठी हा प्रश्न आता टीव्हीपुरता राहिलेला नाही. गुजरातचा एकही क्लब आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) नाही. त्यामुळे इथल्या मुलाला फुटबॉलमध्ये पुढे जायचे तर पुणे, मुंबई, गोवा नाहीतर बंगळूरु गाठावे लागते. तिथल्या क्लबने करार केला की वर्षभरात त्याला आणखी कुठेतरी लोनवर पाठवण्याची भाषा सुरू होते. म्हणून ही पद्धत आली कुठून आणि आजवर तिने स्ट्रायकरांचे काय केले, हे नीट पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो: लीग कितव्या पायरीची आहे हा प्रश्न दुसरा, त्या संघात चेंडू समोरच्या गोलपुढच्या बॉक्सपर्यंत पोहोचतो का हा पहिला.

बाहेरचा खेळाडू आणून संघ उभा करणे बडोद्याला नवीन नाही. मार्च १९४७ मध्ये इथे झालेल्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. हजारे मूळचे सांगलीचे, गुल महंमद लाहोरचे. समोरच्या होळकर संघाचे सी. के. नायडू नागपूरचे. संस्थानाच्या आश्रयाने खेळाडू यायचे आणि त्या संस्थानाचेच होऊन जायचे. लोनमध्ये मात्र मालक एक असतो आणि खेळवणारा दुसरा, आणि पुढची सगळी गुंतागुंत या दोघांच्या वेगवेगळ्या गरजांतून होते.

इंग्लंडमध्ये अशा उसन्या खेळाडूंचा पहिला मोठा काळ दुसऱ्या महायुद्धाचा. लीग बंद पडली होती, खेळाडू सैन्यात होते आणि ज्या छावणीत नेमणूक होईल तिच्या जवळच्या क्लबकडून पाहुणा म्हणून खेळत होते. ऑल्डरशॉट हा एरवी तळाचा क्लब, पण गावात लष्करी तळ असल्याने क्लिफ ब्रिटन, स्टॅन कलिस आणि जो मर्सर ही इंग्लंडची हाफबॅकची फळी त्याच्या मैदानावर खेळून गेली. युद्ध संपले, पाहुणे आपापल्या क्लबांत परतले. फुटबॉल लीगच्या नियमांत लोनला रीतसर जागा मिळाली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस. त्यात तरुणाला घडवण्याचा विचार फारसा नव्हता. लहान क्लबचे दोन-तीन खेळाडू एकदम जखमी झाले तर शेजारच्या क्लबकडून महिना-दोन महिने माणूस आणायचा, एवढाच हेतू. खालच्या लीगमध्ये विंडोबाहेर करता येणारे, जास्तीत जास्त ९३ दिवसांचे तातडीचे लोन २०१६ पर्यंत चालू होते, ते याच काळाचा वारसा.

चित्र पालटले १९९० च्या दशकात. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि टीव्हीचा पैसा आला. डिसेंबर १९९५ मध्ये बोस्मन खटल्याचा निकाल लागला. करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवर परदेशी म्हणून मर्यादा घालता येत नाही, हे ठरले. मोठ्या क्लबांनी जगभरातून तयार खेळाडू आणले आणि लांबलचक करार करून तरुणही अडकवून ठेवले. २००२-०३ पासून ट्रान्सफर विंडो सगळ्यांना बंधनकारक झाली. तेव्हा महिन्याभराची उसनवारी मागे पडली आणि अर्ध्या किंवा पूर्ण हंगामाचे लोन रुळले.

इंग्लंडला लोनची गरज इतरांपेक्षा जास्त का भासते, याचे कारण लीगच्या रचनेत आहे. स्पेनमध्ये रेआल माद्रिदचा कास्तिया किंवा बार्सिलोनाचा ब संघ खालच्या डिव्हिजनमध्ये पोक्त माणसांशी खेळतो. जर्मनीतही क्लबांचे दुसरे संघ खालच्या लीगमध्ये उतरतात. इंग्लंडच्या लीगमध्ये ब संघांना जागाच नाही. तिथला मुलगा अंडर-२१ मध्ये खेळतो आणि त्याला अडवणारा बचावपटूही त्याच्याच वयाचा असतो. तिथल्या बचावपटूची नोकरी एका गोलवर अवलंबून नसते. ज्याच्या घरखर्चाचा प्रश्न आहे अशा तिशीतल्या सेंटरबॅकने पाठीत कोपर घालून उभे राहायचे आणि तरी चेंडू सांभाळायचा, हे स्ट्रायकर फक्त खऱ्या लीगमध्ये शिकतो.

हॅरी केनची वाट यासाठीच अभ्यासण्यासारखी आहे. टॉटनहॅमने त्याला जानेवारी २०११ मध्ये तिसऱ्या पायरीच्या लेटन ओरिएंटला पाठवले, तिथे ५ गोल. जानेवारी २०१२ मध्ये दुसऱ्या पायरीचा मिलवॉल. संघ तळाशी, खालच्या लीगमध्ये घसरण्याची भीती, प्रेक्षक कडक. तिथे त्याने सगळ्या स्पर्धांत मिळून ९ गोल केले आणि क्लबचा त्या वर्षीचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. मग प्रीमियर लीगमधले नॉर्विच: पायाचे हाड मोडले, जेमतेम ५ सामने, गोल एकही नाही. तिथून लेस्टर: १५ सामने, २ गोल, बराच वेळ बेंचवर. पायरी चढत गेली तसे गोल आटत गेले. २०१३ च्या उन्हाळ्यात या आकड्यांकडे पाहून मुलगा कमी पडतो असेच कोणी म्हणाले असते. २०१४-१५ मध्ये त्याने टॉटनहॅमसाठी ३१ गोल केले. त्याला घडवणारी जागा मिलवॉल होती असे मला वाटते. तिथे त्याची गरज होती आणि तो पडला तरी पुढच्या शनिवारी पुन्हा खेळवायला संघाकडे दुसरा पर्याय नव्हता.

टॅमी अब्राहमचे उदाहरण आणखी स्वच्छ आहे, कारण मुलगा तोच आणि तीन वर्षांत तीन क्लब. २०१६-१७ मध्ये दुसऱ्या पायरीच्या ब्रिस्टल सिटीकडून लीगमध्ये २३ गोल. पुढच्या वर्षी चेल्सीने त्याला प्रीमियर लीगमध्येच, स्वॉन्झीला पाठवले, तिथे लीगमध्ये ५. त्या हंगामात आख्ख्या स्वॉन्झी संघाने ३८ सामन्यांत २८ गोल केले आणि संघ खाली घसरला. त्यानंतर २०१८-१९ मध्ये पुन्हा एक पायरी खाली, ॲस्टन व्हिलाकडे: २५ गोल आणि संघ वर. व्हिलाने त्या हंगामात लीगमध्ये ८२ गोल केले होते. मागे जॅक ग्रीलिश आणि जॉन मॅकगिनसारखे चेंडू पुरवणारे होते. स्वॉन्झीतल्या त्या वर्षी अब्राहमच्या अंगातले कसब कमी झाले नव्हते, त्याच्याकडे चेंडू येत नव्हता. बचावपटू किंवा गोलकीपर दुबळ्या संघात गेला तर त्याला उलट जास्त काम मिळते, जास्त शिकायला मिळते. स्ट्रायकर तिथे उपाशी राहतो. लोनचे जे आडाखे इतर जागांच्या खेळाडूंना लागू पडतात ते नऊ नंबरला, म्हणजे सगळ्यांत पुढे खेळणाऱ्या स्ट्रायकरला, जसेच्या तसे लावू नयेत, ते याचमुळे.

दुसरा मुद्दा तिथल्या मॅनेजरचा. चेल्सीचा रोमेलू लुकाकू २०१२-१३ मध्ये वेस्ट ब्रॉमला गेला तेव्हा तिथे स्टीव्ह क्लार्क होते, चेल्सीत पूर्वी सहायक राहिलेले. प्रतिहल्ल्यावर खेळणारा संघ, समोर धावायला मोकळी जागा. लुकाकूने लीगमध्ये १७ गोल केले, त्यातली हॅट्‌ट्रिक मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर अलेक्स फर्ग्युसन यांच्या शेवटच्या सामन्यात, ५-५ अशा बरोबरीत. चेल्सीचाच पॅट्रिक बॅमफर्ड २०१४-१५ मध्ये मिडल्सबरोला गेला. तिथले आयतोर करांका हे मोरिन्यो यांचे माद्रिदमधले सहायक आणि मोरिन्यो तेव्हा चेल्सीचे मॅनेजर. लीगमध्ये १७ गोल, चॅम्पियनशिपचा, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीच्या लीगचा, सर्वोत्तम खेळाडू. मग त्याला ‘वर’ पाठवण्याची घाई झाली: क्रिस्टल पॅलेस, नॉर्विच, बर्नली. या तिन्ही ठिकाणी मिळून प्रीमियर लीगमध्ये एकही गोल नाही, कारण मैदानावर तो उतरलाच थोडा. पुढे लीड्समध्ये २०२०-२१ साली त्याच प्रीमियर लीगमध्ये त्याने १७ गोल केले. मधली वर्षे परत येत नाहीत.

ओळखीचा मॅनेजर असला म्हणजे झाले, असेही नाही. एव्हान फर्ग्युसनला ब्रायटनमध्ये पहिली संधी देणारे ग्रॅहम पॉटर वेस्ट हॅममध्ये होते, म्हणून २०२५ च्या हिवाळी विंडोत तो तिकडे गेला. एकही गोल न करता परतला. हंगामाच्या मध्यावर अडचणीतल्या संघात जाणाऱ्या स्ट्रायकरला रुळायला वेळच मिळत नाही. डॅनियल स्टरिजने २०११ मध्ये बोल्टनला जाऊन १२ सामन्यांत ८ गोल केले होते, पण जानेवारीचे सगळेच लोन तसे साधत नाही.

या सगळ्याला एक व्यापारी बाजूही आहे आणि ती पालकांनी समजून घ्यायलाच हवी. चेल्सीचे एका वेळी चाळीसच्या आसपास खेळाडू बाहेर असायचे. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एडी न्यूटन आणि पाउलो फरेरा यांच्यासारखी जुनी मंडळी नेमली होती, ही चांगली गोष्ट. पण त्यातल्या बहुतेकांना चेल्सीत जागा मिळणारच नव्हती, त्यांची किंमत वाढवून विकायचे होते. इटलीत तर एकाच खेळाडूची मालकी दोन क्लबांत निम्मी-निम्मी वाटलेली असे. ती पद्धत २०१४ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. फिफाने १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणल्या: एका लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, लोनवर आलेल्याला पुढे तिसरीकडे लोनवर देता येणार नाही, आणि एका क्लबला बाहेर ८ व आत ८, हळूहळू कमी करत २०२४ पासून ६. मात्र २१ वर्षांपर्यंतचे, क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू या आकड्यातून वगळले आहेत. म्हणजे ज्या वयाच्या मुलांबद्दल आपण बोलतो आहोत, त्यांना बाहेर पाठवण्यावर या आकड्याचा लगाम नाही.

भारतात लोनचा मोठा हंगाम आला तो २०१४ मध्ये. आयएसएल तेव्हा दोन-अडीच महिन्यांची होती आणि आय-लीगच्या (तेव्हा देशातली अव्वल लीग, पुढे आयएसएलच्या खालची) क्लबांनी आपले खेळाडू तिच्यासाठी लोनवर दिले. सुनील छेत्री बंगळूरुकडून २०१५ मध्ये मुंबई सिटीला गेला आणि आयएसएलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला भारतीय ठरला. त्याआधी २०१३ मध्ये तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला लोनवर आला होता. लिस्बनमध्ये ब संघात अडकलेला खेळाडू इथे येऊन आय-लीग जिंकला. पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडून लालियानझुआला छांगते २०१६ मध्ये नॉर्थईस्टला लोनवर गेला. तोच पुढे २०२२ च्या जानेवारीत चेन्नईयिनकडून मुंबई सिटीला लोनवर आला आणि तिथेच फुलला.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. आयएसएलमध्ये सुरुवातीला मैदानावर सहा परदेशी चालत, २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. आकडा घटला तरी नऊ नंबरची जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूलाच देतात. भारतीय स्ट्रायकर विंगवर सरकवला जातो किंवा शेवटची दहा मिनिटे खेळतो. छेत्री जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोलही त्याचेच, १४. मला हे फार लागते. एवढ्या मोठ्या देशात वीस वर्षांच्या मुलाला बॉक्समध्ये नव्वद मिनिटे उभे राहायला जागा मिळत नाही.

म्हणून बडोद्यातला एखादा बाप मुलाचा लोनचा कागद समोर ठेवून विचारतो, दादा, आयएसएलचा क्लब मागतोय, हो म्हणू का, तेव्हा क्लबच्या नावाआधी काही गोष्टी विचाराव्यात असे मी सांगतो. तिथे नऊ नंबरला सध्या कोण खेळतो, त्याचा करार किती उरला आहे? गेल्या हंगामात त्या संघाने गोल किती केले आणि ते बाजूने आलेल्या क्रॉसवर, मधून की कॉर्नर-फ्री किकसारख्या सेट-पीसवर? मुलाला मागितले कोणी, मॅनेजरने की ऑफिसने, आणि तो मॅनेजर हंगामभर टिकेल का? खेळवले नाही तर पगाराचा जास्त वाटा त्या क्लबने उचलायचा, असे कलम आहे का? जानेवारीत परत बोलावण्याचा अधिकार मूळ क्लबकडे आहे का? आणि २०२५-२६ ची आयएसएल ठरल्या वेळी सुरूच झाली नाही, हे पाहिल्यावर आणखी एक प्रश्न वाढला आहे: ती लीग ठरलेल्या तारखेला सुरू होणार आहे का?

मूळ क्लबने सहा महिन्यांनी परत बोलावून दुसरीकडे पाठवण्याची तयारी ठेवली असेल आणि आय-लीगमधला एखादा क्लब त्याला पहिल्या दिवसापासून नऊ नंबरवर खेळवणार असेल, तर मी आय-लीग निवडीन.