टर्मिनलवर पासवर्ड विचारणारं फंक्शन: ‘गेटपास’ आणि त्यानंतर

बहुतेक लिनक्सवर ‘सुडो’ची (प्रशासकाच्या अधिकाराने काम करून देणारी) कमांड दिली की पासवर्ड मागितला जातो, पण टाइप केलेलं काहीच स्क्रीनवर दिसत नाही. नवख्याला वाटतं, कीबोर्ड बंद पडला. या पद्धतीचं मूळ स्क्रीन येण्याआधीच्या काळात आहे. १९६०च्या दशकात टर्मिनल, म्हणजे संगणकाशी बोलायचं यंत्र, कागदावर छापायचं, आणि छापला गेलेला पासवर्ड कुणालाही वाचता यायचा. काही टर्मिनल तर दाबलेलं अक्षर स्वतःच छापत. संगणकाला ते थांबवता येत नसे. अशा वेळी ‘मल्टिक्स’ ही त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम एकाच जागी अक्षरांवर अक्षरं छापून काळा पट्टा तयार करी आणि पासवर्ड त्यावर टाइप करायला लावी.

१९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत ‘गेटपास’ हे सी भाषेतलं फंक्शन आलं. मोजक्या ओळींचं कोड, पण विचारपूर्वक लिहिलेलं. इनपुट पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून, येत असलं तरी पासवर्ड माणसाकडूनच यावा, म्हणून ते थेट ‘/डेव्ह/टीटीवाय’, म्हणजे वापरणाऱ्याचं टर्मिनलच, उघडतं. मग एको (दाबलेलं अक्षर स्क्रीनवर उमटणं) बंद करतं, ओळ वाचतं आणि एको पूर्ववत करतं. एंटरही उमटलेला नसतो, म्हणून नवी ओळ स्वतः छापतं. पासवर्ड ठेवायची मेमरीतली जागा, म्हणजे बफर, नऊ बाइटांची: आठ अक्षरं आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य. नववं अक्षर मुकाट्याने टाकून दिलं जाई. पासवर्ड सांकेतिक रूपात बदलणाऱ्या त्या वेळच्या ‘क्रिप्ट’ फंक्शनमध्ये डीईएस या सांकेतिकीकरण पद्धतीची ५६ बिटांची किल्ली होती आणि प्रत्येक अक्षराचे सातच बिट वापरले जात, त्यातून ही मर्यादा आली.

खरी अडचण बफरची होती. तो स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणारा, असल्याने काम झाल्यावरही पासवर्ड मेमरीत पडून राही; प्रोग्रॅम कोसळला तर कोअर फाइलमध्येही (कोसळताना साठवलेल्या मेमरीच्या प्रतीत) सापडे. १९९७च्या युनिक्स मानकात ‘गेटपास’वर ‘जुनं’ असा शिक्का बसला आणि २००१च्या पॉझिक्स या मानकातून ते वगळलं गेलं.

त्याच वर्षी ओपनबीएसडी या युनिक्सच्या धर्तीवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २.९ आवृत्तीत ‘रीडपासफ्रेज’ हे फंक्शन आलं. यात बफर बोलावणारा प्रोग्रॅम देतो, त्यामुळे तो पुसण्याची सोयही त्याच्याच हाती राहते. मध्येच कंट्रोल-झेड दाबून प्रोग्रॅम तात्पुरता थांबवला तर टर्मिनल आधी पूर्ववत होतं आणि परतल्यावर प्रश्न पुन्हा विचारला जातो. माझ्या मते या फंक्शनची रचना आजही सर्वांत नेटकी आहे. मात्र पुसणंही सोपं नाही: ‘ही मेमरी पुढे वापरलीच जात नाही’ म्हणून कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) पुसण्याची ओळच गाळू शकतो. ‘एक्स्प्लिसिट_बीझीरो’ हे मेमरी नक्की पुसणारं फंक्शन त्यासाठीच आलं. जावा भाषेच्या ६व्या आवृत्तीने २००६मध्ये पासवर्ड स्ट्रिंगऐवजी (सलग मजकुराऐवजी) अक्षरांच्या अ‍ॅरेमध्ये, म्हणजे यादीत, दिला, कारण स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून पुसताही येत नाही. पायथन भाषेतलं याच नावाचं फंक्शन ‘गेटपास’ मात्र आजही स्ट्रिंगच परत करतं.

टाइप केलेल्या प्रत्येक अक्षरामागे स्क्रीनवर तारा (*) दाखवावा की नाही, हा वाद वेगळाच. ‘सुडो’मधल्या तारे दाखवणाऱ्या पर्यायात बफर ओव्हरफ्लोची (बफरच्या बाहेर मजकूर लिहिला जाण्याची) त्रुटी निघाली, ती २०२०च्या सुरुवातीला जाहीर झाली. मूळ ‘सुडो’त हा पर्याय बंद असतो, पण लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराने तो आपणहून चालू ठेवला होता. तरीही ताऱ्यांची मागणी टिकून राहिली, आणि २०२५च्या पायथन ३.१४मध्ये ‘गेटपास’लाही ती सोय मिळाली.