फ्रेशमन क्वार्टरबॅक

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असलेला क्वार्टरबॅक. हेल्मेट, खांद्यांचे पॅड आणि लंबगोल चेंडू घेऊन खेळला जाणारा हा फुटबॉल आहे. भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात त्याच्याशी त्याचे साम्य जवळजवळ नावापुरतेच. रांगेच्या मधोमध असलेल्या सेंटर या साथीदाराने मागे दिलेला चेंडू बहुतेक प्रत्येक चालीत क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो घेऊन स्वतः पळायचे, साथीदाराकडे द्यायचा की लांब फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. संघातली ही सर्वांत अवघड जागा. ती अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला द्यावी का, हा प्रत्येक प्रशिक्षकाला पडणारा जुना प्रश्न आहे.

१९७२ पर्यंत तो प्रश्नच नव्हता, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा नव्हती. त्या वर्षी एनसीएए या नियामक संघटनेने ती दिली. तरीही पुढची अनेक वर्षे क्वार्टरबॅक सहसा थांबतच असे. शाळेत तो गावाचा नायक असतो. कॉलेजात मात्र समोरचे अकराही जण आपापल्या गावचे नायक असतात. ते वजनाने भारी, पायाने चपळ, आणि चाल सुरू होईपर्यंत आपला बचाव कसा आहे याचा पत्ता लागू देत नाहीत. शिवाय सूचना बाहेरून येत त्या हातवाऱ्यांनी किंवा मोठ्या चित्रफलकांवरून. हेल्मेटमधल्या रेडिओची परवानगी सर्वोच्च विभागात २०२४ पासूनच मिळाली. ऐंशी हजार लोकांच्या गोंगाटात फलक वाचायचा, चाल ओळखायची आणि ती इतर दहा जणांना सांगायची. हाताची ताकद लागते ती यानंतर.

थांबण्याच्या या वर्षाला रेडशर्ट म्हणतात. पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, असा नियम दीर्घकाळ होता. म्हणजे एक हंगाम सरावात घालवला तरी खेळाडूचे काही बुडत नसे. त्या वर्षात तरुण क्वार्टरबॅकला सहसा स्काउट टीममध्ये घालतात. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे त्यांच्या चाली एकेका कार्डावर काढलेल्या असतात. सहायक प्रशिक्षक कार्ड वर धरतो, मुलगा ते पाहतो आणि स्वतःच्याच संघाच्या बचावफळीविरुद्ध शत्रुपक्षाचा क्वार्टरबॅक होऊन खेळतो. त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते. ती घातलेल्याला सरावात पाडायचे नाही, असा संकेत आहे. या कामाची नोंद कुठल्याही आकडेवारीत होत नाही, पण हंगामभर उत्तम बचाव रोज समोर पाहण्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही. फ्रेशमन म्हणून हाइझमन करंडक (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा सन्मान) पहिल्यांदा जिंकणारा टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा जॉनी मॅन्झेल (२०१२) आणि पाठोपाठ जिंकणारा फ्लोरिडा स्टेटचा जेमिस विन्स्टन (२०१३), दोघेही आधी एक वर्ष असेच थांबलेले होते; रेडशर्टचे वर्ष मोजले जात नसल्याने ते फ्रेशमनच गणले गेले.

२०१८ मध्ये नियम सैल झाला: चार सामन्यांपर्यंत खेळले तरी रेडशर्ट टिकू लागला. त्याचा परिणाम क्लेमसन विद्यापीठात लगेच दिसला. कार्टर्सव्हिल, जॉर्जियाहून आलेल्या फ्रेशमन ट्रेव्हर लॉरेन्सला चार सामन्यांनंतर मुख्य क्वार्टरबॅक केले गेले. आधीचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याने आपला उरलेला एक हंगाम पुढच्या वर्षासाठी वाचवायला संघच सोडला. पुढच्याच सामन्यात, सिरॅक्यूजविरुद्ध, लॉरेन्सला दुखापत झाली. मैदानात आला चेस ब्राइस, एक वर्ष रेडशर्ट म्हणून काढलेला. त्याने शेवटी ९४ यार्डांची मजल मारून सामना २७-२३ असा काढून दिला. लॉरेन्स परतला आणि जानेवारी २०१९ मध्ये क्लेमसनने अलाबामाला ४४-१६ ने हरवून पंधराही सामने जिंकून हंगाम पुरा केला. १९८५ च्या ओक्लाहोमाच्या जमेल हॉलिवेनंतर थेट पहिल्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक म्हणून राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा तो पहिलाच. ब्राइसचे नाव त्या मानाने फारसे घेतले जात नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे.

या विषयातली सर्वांत गाजलेली रात्र मात्र ८ जानेवारी २०१८ ची, अटलांटातली. राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला अलाबामा जॉर्जियाविरुद्ध ०-१३ ने मागे होता. दुसऱ्या वर्षाच्या जेलन हर्ट्सने आदल्या हंगामात, फ्रेशमन असताना, संघाला अंतिम फेरीत नेले होते. त्या रात्री त्याच्या आठांपैकी तीनच फेकी साधल्या. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवून हवाईच्या डावखुऱ्या फ्रेशमन टुआ टॅगोवाइलोआला उतरवले. त्याने एक फेक थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिली, तरी सामना २०-२० वर आणला. जादा वेळेत जॉर्जिया २३-२० ने पुढे गेला. अलाबामाच्या पहिल्याच चालीत टुआ चेंडू धरून रेंगाळला आणि १६ यार्ड मागे पाडला गेला. कच्चा गडी करतो तीच ही चूक. पुढच्या चालीत त्याने नजरेने बचावपटूला मधे अडकवून ठेवले आणि डाव्या कडेला ४१ यार्डांची फेक डेव्होन्टा स्मिथला दिली. टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोचवल्याचे सहा गुण; २६-२३. स्मिथही फ्रेशमनच होता.

त्या रात्रीचे श्रेय हर्ट्सलाही द्यायला हवे. जागा गेली तरी तो वर्षभर संघातच राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये, त्याच शहरात, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला तेव्हा हर्ट्सने उतरून सामना ३५-२८ असा जिंकून दिला. नंतर तो ओक्लाहोमाला गेला आणि २०१९ च्या हाइझमनमध्ये दुसरा आला.

असे थांबणे आता विरळ होत चालले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स्फर पोर्टलमुळे (संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) संघ बदलणे सोपे झाले; २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर कमाई करता येऊ लागली. प्रशिक्षकही कच्च्या मुलाला घडवण्यापेक्षा दुसरीकडून तयार क्वार्टरबॅक आणणे पसंत करतात. एनएफएल या व्यावसायिक लीगचा नियम मात्र तोच आहे: शाळा संपल्यावर तीन वर्षे झाल्याखेरीज व्यावसायिक संघात प्रवेश नाही. थांबणे फळते याचे उदाहरण म्हणजे क्वार्टरबॅक जो बरो. तो ओहायो स्टेटमध्ये २०१५ चा हंगाम रेडशर्ट होता, पुढचे दोन राखीव राहिला, तिथली मुख्य जागा त्याला कधीच मिळाली नाही. लुइझियाना स्टेटमधल्या दुसऱ्या हंगामात, २०१९ मध्ये, त्याने ६० टचडाउन फेकले आणि हाइझमनमध्ये हर्ट्सला मागे टाकले.