खान्देशातलं छप्पर सपाटच का? धाब्यापासून स्लॅबपर्यंत

आमच्याकडे कुणी घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न "स्लॅब पडला का?" हाच, दारं-खिडक्या आणि रंग मग बघू. लोकांना वाटतं ही सिमेंटची हौस आहे, पण खान्देशात छप्पर आधीपासून सपाटच होतं, फक्त मातीचं होतं आणि त्याला धाबं म्हणायचे.

सपाट का, तर पाऊस. जळगाव-धुळ्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, कोकणात २५०० च्या पुढे, म्हणून तिकडे उतरती कौलं. त्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकणार, तेव्हा डोक्यावर वीत-दीड वीत माती असली तर दुपारी आत बसवतं तरी. फार मागे जायचं तर धुळे जिल्ह्यात कावठ्याला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात साधारण ४००० वर्षांपूर्वीची, जमिनीत खड्डा करून राहायची घरं निघाली, म्हणजे उन्हापासून मातीत शिरायची खोड जुनीच (हे माझं म्हणणं, उत्खननवाल्यांचं नाही).

धाब्याची रचना अशी की सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या (आडवी बारीक लाकडं), कड्यांवर किलचन (लाकडाचे तुकडे) नाहीतर पळकाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) थर, मग चिखल आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे खारी माती. घराचं माप चौरस फुटात नाही, खणात (दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण), चार खणाचं, सहा खणाचं. माती कुठलीही चालत नाही हं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा, म्हणून काळीत शेती आणि पांढरीत घर. खाऱ्या मातीत क्षार असतात, ती भिजली की तिचे कण सुटे होऊन बारीक छिद्रं बुजवतात, पाणी खाली उतरत नाही. म्हणून पावसाळ्याआधी धाब्यावर खारी टाकायचं काम असायचंच, ते चुकलं की आषाढात घरभर पातेली मांडा. उन्हाळ्यात रात्री सगळे धाब्यावर झोपायला, पण दिवसा आम्ही पोरं वर पळालो की आजी खालून ओरडायची, "कोन पयी ऱ्हायना रे धाबावर, ताटमा माती पडी ऱ्हायनी!"

दारं बुटकी, वाकूनच आत जायचं. आमच्या जुन्या घराचं दार दोन फळ्यांचं, बाहेर कडी-कोयंडा आणि आतून अडसर, तो म्हणजे मनगटाएवढं लाकूड, दिवसा भिंतीतल्या भोकात ढकलून ठेवलेलं आणि रात्री ओढून दुसऱ्या बाजूच्या खाचेत अडकवायचं. एवढा बंदोबस्त उगाच नाही, १८१८ ला इंग्रज येईपर्यंत पेंढारी, होळकरांची फौज, १८०३-०४ चा दुष्काळ असं सगळं या मुलखानं भोगलं होतं. बाहेरच्या भिंतीला खिडकी जवळजवळ नसायचीच, उजेड यायचा तो धाब्यातल्या साण्यातून, म्हणजे छपरात ठेवलेल्या भोकातून. दुपारी त्या साण्याचा गोल कवडसा जमिनीवरून सरकत जायचा आणि आजीला तो बघून चहाची वेळ कळायची. पाऊस आला की साण्यावर पाटी पालथी घालायला पळायचं.

मग लाकूड अवघड झालं. साग यायचा सातपुड्यातून आणि डांगातून (आता गुजरातेत). डांगचं जंगल इंग्रजांनी १८४२ च्या सुमारास भाडेपट्ट्यानं घेतलं, पुढे १८७८ चा जंगल कायदा आला, म्हणजे तुळईसाठी झाड तोडायलाही परवानगी बघा. दुसरीकडून १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, कपाशीचा पैसाही आला आणि लांबचा माल वॅगनीतून येणं सोपं झालं. पन्हळी पत्रा लंडनचा, १८२९ चं पेटंट. विलायती कौलं मात्र नावालाच विलायती, बासेल मिशननं १८६५ ला मंगळूरला कारखाना काढला तिथली. पत्रा स्वस्त आणि हलका, पण मे महिन्यात पत्र्याखाली बसून बघा एकदा, धाब्यातला माणूस तासाभरात उठून जाईल.

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र वेगळंच, तिथे पाऊस जास्त आणि बांबू हाताशी, म्हणून कुडाच्या भिंती आणि वर उतरती नळीची कौलं. त्या घरांना धाब्याच्या गोष्टीत ओढण्यात अर्थ नाही.

सिमेंट खेडोपाडी मुरलं ते खूप नंतर, त्यात घरकुलांचा मोठा वाटा. १९८५ ची इंदिरा आवास, मग २०१६ पासून पंतप्रधान आवास ग्रामीण, त्यात घर निदान २५ चौरस मीटरचं. स्लॅब लोकांना लगेच पटला कारण वर झोपणं, पापड-कुरडया वाळवणं हे सगळं आधीच अंगवळणी होतं, फक्त खारी टाकायची कटकट गेली. पण पाच इंची काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती गरमी खाली सोडत बसतं.

बाहेरच्या भिंतीचंही तसंच. आधी शेणमातीचा पोतेरा नाहीतर चुन्यात निळ घालून हात मारायचा, दर दिवाळीला. आम्ही शहाणपणा करून मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, मिस्तरी म्हणाला वीस वर्षं बघायला नको, तिसऱ्याच पावसाळ्यात पापुद्र्यासारखं अख्खं सुटून ओट्यावर पडलं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती ओल आत कोंडतं.

शेवटी २०११ ला ते घर पाडलं. फ्लश डोअर, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, सगळं आलं. तुळया विकत घ्यायला जुन्या लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला, काकांनी दिल्या नाहीत, चिरून त्यातून पुढच्या दाराची चौकट काढली, तिच्यावर खिळ्यांची जुनी भोकं अजून दिसतात. आणि आता दर मार्चमध्ये काका बादलीभर चुना घेऊन स्लॅबवर चढतात, खाली गरम होतं म्हणून.