रिपीटर लावायचा की केबल टाकून दुसरा राउटर?

आतल्या बेडरूममध्ये वायफाय येत नाही म्हटलं की दुकानात हमखास एक छोटी डबी पुढे येते. प्लगला लावा, झालं काम. हा रिपीटर, ज्याला एक्स्टेंडरही म्हणतात. दुसरा उपाय ॲक्सेस पॉइंटचा: मुख्य राउटरपासून लॅन केबल टाकून आतल्या खोलीत आणखी एक राउटर बसवायचा. फोनवर दोन्हींची रेंज फुल दिसते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण दोघांच्या कामात मोठा फरक आहे.

रिपीटर हवेतूनच सिग्नल घेतो आणि हवेतूनच पुढे देतो. एकाच चॅनेलवर त्याला एका वेळी एकच करता येतं, एक तर राउटरचं ऐकायचं, नाहीतर फोनशी बोलायचं. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि स्पीड साधारण निम्मा होतो. ड्युअल बँड, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा रिपीटर राउटरशी 5 गिगाहर्ट्झवर आणि फोनशी 2.4 वर बोलला तर ही घट कमी होते. पण 5 गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर अडकतो. जुन्या दगडी भिंती असतील तर जास्तच.

बहुतेक घरांत रिपीटर लावतात तो नेमका जिथे नेट येत नाही त्याच खोलीत. त्यालाच तिथे धड सिग्नल मिळत नाही, तर तो पुढे काय देणार? फोनवरच्या रेषा फोन ते रिपीटर एवढंच अंतर सांगतात, त्यापुढचं काही नाही. म्हणून व्हिडिओ कॉल अडकतो आणि रेंज मात्र फुल. त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे राउटरचा सिग्नल अजून चांगला येतो तिथे.

ॲक्सेस पॉइंटला ही अडचण नाही, कारण मधलं अंतर केबल कापते. कॅट 5ई केबल 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिट नेते, घरासाठी भरपूर. नवीन राउटर घ्यायलाच हवा असंही नाही, माळ्यावर पडलेला जुना चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा. नसेल तर मुख्य राउटरचा पत्ता 192.168.1.1 असताना जुन्याला 192.168.1.2 द्या, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा पोर्ट) नाही, लॅन पोर्टमध्ये लावा. वॅनमध्ये लावली तरी नेट चालतं, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि हॉलमधला प्रिंटर बेडरूममधल्या लॅपटॉपला सापडत नाही. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, 2.4 चं चॅनेल मात्र वेगळं: एकाला 1, दुसऱ्याला 6 किंवा 11. जुन्या राउटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचे असतील तर तेवढ्यावरच थांबावं लागेल, हे आधी बघून घ्या.

मेशचं, म्हणजे मिळून एकच वायफाय देणाऱ्या दोन-तीन डब्यांच्या संचाचं काय? डब्यांना केबल जोडली तर तो ॲक्सेस पॉइंटच्या बाजूचा, नाही जोडली तर बराचसा रिपीटरच्या बाजूचा.

भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नाहीत, तिथे रिपीटर ठीक आहे. स्वतःच्या घरात मी केबलच टाकेन, दाराच्या चौकटीवरून पट्टीतून नेली तरी चालते. आणि काहीही विकत घेण्याआधी मुख्य राउटर कुठे आहे ते बघा. फायबर दारातून आत येते म्हणून तो बहुधा दाराशीच, चपलांच्या कपाटाच्या मागे अडकवलेला असतो. जोडणीवाल्याला हॉलच्या मध्यापर्यंत फायबर न्यायला सांगा, कदाचित दोन्हींपैकी कशाचीच गरज पडणार नाही.